अर्ध्या जोरानं

"बॉक्सिंग तो इसको आती नहीं," पडद्यापलीकडे कुणीतरी म्हणालं. "बस, हाथ है."

दुसरा हसला. "हाथ नहीं यार, ट्रक है. पर ट्रक मोड़ना भी तो आना चाहिए ना!"

पडद्याच्या अलीकडे मी फॉर्म भरत बसले होते. ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो माझा मामेभाऊ, आणि नेमकं त्याचंच नाव मी त्या क्षणी इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहीत होते, एका चौकोनात एक अक्षर. मी पेन थांबवलं नाही. बोलणाऱ्या दोघांना मी तिथे आहे हे ठाऊक होतं. पण मला ऐकू येतं हे लोकांच्या लक्षात राहत नसे. मी बोलत नव्हते, त्यामुळे ऐकतही नसेन असा काहीतरी त्यांचा हिशेब असावा.

तो क्लब म्हणजे फरीदाबादच्या एका बंद पडलेल्या कारखान्याची कँटीन होती. यंत्रं केव्हाच विकली गेली होती, पण भिंतीवर जेवणाच्या पाळ्यांचं वेळापत्रक अजून रंगवलेलं होतं. रस्त्याच्या पलीकडे निळ्या काचांची नवी इमारत उभी राहत होती, आणि सकाळी सरावाच्या वेळी तिकडचा ड्रिलचा आवाज आत येई. फौजेतून निवृत्त झालेल्या एका प्रशिक्षकांनी ती कँटीन मिळवून तिथे रिंग बांधली होती. सगळे त्यांना उस्तादजी म्हणत. त्यांना बॉक्सिंगमधलं सगळं येत होतं, फक्त स्पर्धांचे इंग्रजी फॉर्म येत नव्हते. दादानं एकदा त्यांना सांगून टाकलं, "माझी बहीण कॉन्व्हेंटची आहे." झालं. बारावीनंतरच्या त्या सुट्टीपासून दर रविवारी सकाळी मी पडद्यामागच्या टेबलाशी बसून फॉर्म भरू लागले, आणि लढतींची वहीही माझ्याकडे आली. मला चारचौघांत बोलता येत नव्हतं, पण लिहिता येत होतं. तिथे तेवढं पुरत होतं.

दादा म्हणजे माझ्या आईच्या भावाचा मुलगा. वर्ध्याकडच्या एका गावात मामा शिक्षक होते. दादाला खेळात पुढे जायचं होतं म्हणून तो दिल्लीकडे आला आणि आमच्याच घरी राहू लागला. सकाळी सराव, दिवसा पत्रव्यवहारानं बी.ए., संध्याकाळी पुन्हा सराव. खेळाडूंसाठी राखीव असलेली एखादी सरकारी नोकरी मिळवायची, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

वहीतलं त्याचं पान मला पाठ झालं होतं. हरला, गुणांवर. हरला, गुणांवर. जिंकला, दुसऱ्या फेरीत लढत थांबवली. हरला, गुणांवर. जिंकला, पहिल्याच फेरीत. म्हणजे तो पूर्ण वेळ खेळला की हरायचा. जिंकला तर वेळ संपायच्या आतच.

दोन-तीन महिने बघितल्यावर मलाही कारण कळलं. त्याचे पाय जड होते. समोरचा डावीकडे सरकला की दादा तिकडे वळेपर्यंत तो उजवीकडे गेलेला असायचा. त्याचा डावा हात तर शेजाऱ्याचं दार हळूच वाजवावं तसा होता. गुण देणारे पंच ठोसे मोजतात, हलका की जड हे बघत नाहीत. त्यामुळे दादा मार खात खात मागे पडायचा. पण उजवा हात एकदा सरळ जाऊन बसला की पुढे मोजायला काही उरत नसे. त्याचा आवाजसुद्धा वेगळा यायचा. बाकीच्यांचे ठोसे टाळी वाजवल्यासारखे, दादाचा गादी जमिनीवर पडल्यासारखा. तो आवाज झाला की मी वहीतून मान वर न करता निकाल लिहायला घेई.

असे आणखी दोघे मी त्या क्लबमध्ये पाहिले. एक गाड्यांचा मेकॅनिक होता, गोलमटोल, धाप लागणारा. दुसरा कॉलेजात जाणारा काडीसारखा मुलगा. त्याचं मनगट माझ्या मनगटाएवढं होतं. दोघंही खेळाडू म्हणून बेताचेच. पण दोघांच्याही हातात ती गोष्ट होती. उस्तादजी म्हणायचे की पाय शिकवता येतात, बचाव शिकवता येतो, हे नाही शिकवता येत. मेहनती मुलांना त्याचा राग यायचा, आणि तो मला समजतही होता. दोन-दोन वर्षं दोरीवरच्या उड्या मारून कमावलेलं सगळं एका क्षणात जायचं, तेही आपल्यापेक्षा कमी येणाऱ्याच्या हातून. मात्र त्या तिघांचीही एक सवय सारखी होती. समोरचा पडला की ते आनंदानं हात वर करत नसत. दुसऱ्याच्या घरी हातून कपबशी फुटल्यावर माणूस जसा उभा राहतो तसे ते उभे राहत.

दादाच्या बाबतीत एकदा खरोखरच तसं झालं. आमच्या सेक्टरमध्ये चालत जाण्याच्या अंतरावर मराठी घर एकच होतं. तिथले काका बाबांच्याच कारखान्यात होते, आणि काकूंशिवाय आईला इथे मराठीत बोलायला दुसरं कुणी नव्हतं. त्यांचा मुलगाही आमच्याच क्लबात होता, दादाच्याच वजनगटात. तो खरा बॉक्सर. त्याचे पाय बघत राहावेसे वाटत. जन्म दिल्लीचा, त्यामुळे मराठी अर्धी हिंदी, आणि तोंड सतत चालू. मला तो 'मास्तरीणबाई' म्हणायचा. मी त्याला काहीच म्हणत नसे, कारण मी त्याच्याशी बोलतच नसे.

एका सकाळी सरावात तो दादाला चिडवत होता. "अरे मार ना, मार! हे काय, मच्छर मारतोयस?" दादानं मारलं. त्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला.

सहा आठवडे त्याचे दात तारेनं बांधलेले होते. काकू त्याला नळीनं डाळीचं पाणी आणि ताक द्यायच्या. दादा रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसायचा. दोघं मुकाट्यानं क्रिकेट बघायचे. काकूंनी आम्हाला एकाही शब्दानं दुखावलं नाही. उलट दादाला म्हणाल्या, "खेळात होतं रे बाबा, तू जेवून जा." आई म्हणायची, त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून क्लबात नियम झाला की सरावात दादाचा उजवा हात अर्ध्या जोरानं. नाहीतर त्याच्यासमोर उभं राहायला कुणी तयार होईना. नियम सगळ्यात आधी मान्य केला तो दादानं. आणि सगळ्यात आधी त्याच्यासमोर येऊन उभा राहिला तो काकूंचा मुलगा, जबडा बरा झाल्यावर, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. "चल ट्रक, ब्रेक लावून चालव."

पुढच्या वर्षी एका सरकारी कंपनीनं आपल्या बॉक्सिंग संघासाठी निवड चाचणी ठेवली. निवडला जाईल त्याला पक्की नोकरी, आणि प्रत्येक वजनगटात जागा एकच. दादाचं हे वयोमर्यादेचं शेवटचं वर्ष होतं. मामांनी पत्रात लिहिलं होतं की इथे नाही झालं तर परत ये, शाळेच्या प्रयोगशाळेत सहायकाची जागा होण्यासारखी आहे. दादानं ते पत्र घडी करून पाकिटात ठेवलं होतं. त्याच्या वजनगटात आधीच्या लढतींमधून दोघंच उरले, दादा आणि काकूंचा मुलगा. शेवटची लढत रविवारी, दिल्लीला.

बुधवारी दुपारी काकू आल्या. आमचा डबा परत करायचा होता, आणि रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यात बेसनाचे लाडू होते. मी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन पडले होते. दार उघडंच होतं.

"बसा ना," आई म्हणाली.

"नको, गॅसवर डाळ आहे." पण काकू गेल्या नाहीत. "एक सांगू का? रागवू नका हं."

"अहो, रागवायचं काय त्यात!"

"रविवारी दोघं समोरासमोर आहेत. कुणीही जिंको, दोघं आपलेच. फक्त तो त्याचा उजवा..." काकूंचा आवाज थांबला. मला दिसत नव्हतं, पण त्यांनी स्वतःच्या गालाला हात लावला असणार. "मला झोप लागत नाही हो. डॉक्टर म्हणतात पक्कं झालंय. पण मी त्याला सहा आठवडे नळीनं भरवलंय."

"छे छे, काय बोलता!" आई घाईघाईनं म्हणाली. "तो काय तसं मारेल होय? मी सांगते ना त्याला. तो उजव्या हातानं मारणारच नाही. माझा शब्द आहे. जा बरं निर्धास्त."

"त्याला मात्र कळू देऊ नका, माझ्या पोराला. खाऊन टाकेल मला."

आईचं काही चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. परक्या शहरातलं ते एकच घर, त्यांच्या मुलाचा जबडा आपल्या भाच्याच्या हातून मोडलेला, आणि समोर लाडवांचा डबा. आईनं बॉक्सिंग कधी पाहिलं नव्हतं. तिला वाटत होतं की बॉक्सरकडे बऱ्याच गोष्टी असतात, त्यातली एक वगळली तर काय बिघडलं? भाजीत हिंग नाही घातला, इतकंच. दादाकडे ती एकच गोष्ट आहे हे तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. ती वही माझ्याकडे होती.

त्या रात्री जेवताना आईनं सहज सांगितल्यासारखं सांगितलं. "मी त्यांना म्हटलंय हं, तू काही त्याला उजव्या हातानं मारणार नाहीस. तू जिंक की, नाही कोण म्हणतंय? पण तो हात जरा आवर."

दादाचा घास हातातच राहिला. मग म्हणाला, "बरं, आत्या."

"वरण वाढू?"

"वाढ."

बाबा बातम्या बघत होते. मी ताटाकडे बघत होते. आई वरण वाढत होती. एवढ्यात त्याची नोकरी गेली होती आणि ते आमच्या दोघांशिवाय कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो बाल्कनीत हाताच्या पट्ट्या वाळत घालत होता. मी चिमटे द्यायला गेले. घरात मी थोडंफार बोलत असे.

"दादा, तू खरंच नाही मारणार?"

"आत्यानं शब्द दिलाय."

"तिला कळत नाही त्यातलं."

"शब्द द्यायला कळावं लागतं का?" तो हसला. "चार वर्षं जेवतोय मी इथे. आत्यानं एकदा काही मागितलंय?"

"मग तू तिला सांग ना, की उजव्याशिवाय..."

"की उजव्याशिवाय मला काही येत नाही? ते सांगू?" त्यानं पट्टी ताणून चिमटा लावला. "बघू. डाव्यानं खेळेन. पाय हलवेन. एखाद्या दिवशी जमतंही."

"नाही जमणार," मी म्हणाले.

त्यानं पुढची पट्टी झटकून दोरीवर टाकली. मग नेहमीसारख्या हलक्या आवाजात म्हणाला, "त्याला यातलं सांगू नकोस. तू कुणाला काही सांगत नाहीस म्हणून बोललो."

हे खरं होतं. मी कुणाला काही सांगत नाही म्हणून सगळे मला सांगत, किंवा माझ्यासमोर बोलत. शाळेत बाई इंग्रजीत ओरडायच्या, घरात मराठी, रस्त्यावर हिंदी. यातल्या कुठल्याच भाषेत पटकन तोंड उघडायची मला सवय लागली नाही. वाक्य मनात जुळेपर्यंत विषय निघून जायचा. मग मी त्यालाच शहाणपण समजू लागले. शुक्रवार गेला, शनिवार गेला. आईला सांगावं असं दोनदा वाटलं, पण आई ते लगेच काकूंना जाऊन सांगणार, मग काकू रडणार आणि दादा मला कधीच माफ करणार नाही. काकूंना सांगायचा प्रश्नच नव्हता. उस्तादजींना सांगितलं तर ते दादाला ओरडतील. दादा ऐकून घेईल आणि तरी मारणार नाही. मी एकेक माणूस मनात घेऊन बघत होते, आणि प्रत्येक जण शेवटी दादापाशी येऊन थांबत होता. दादा शब्द मोडणार नव्हता.

रविवारी आम्ही सगळे एकाच बसनं दिल्लीला गेलो. बदरपूरला नेहमीप्रमाणे गाडी अडकली. काकूंच्या मुलानं सगळ्यांना वाटून मुरमुरे खाल्ले, वजन तर कालच करून झालंय म्हणत दादापुढेही धरले, आणि त्यानं घेतले नाहीत तेव्हा त्याच्या वाट्याचेही स्वतःच खाल्ले. "खा की लेका, हरायलाही ताकद लागते." दादा खिडकीबाहेर बघत हसला. मी मांडीवर वही घेऊन मागच्या सीटवर होते.

त्या लढतीबद्दल आमच्या घरात जे सांगतात ते असं. उस्तादजी म्हणाले की दोन्ही मुलं माझी, मी कुणाच्याच कोपऱ्यात उभा राहणार नाही. घंटा व्हायच्या आधी, दोघांनी मधे येऊन ग्लोव्ह लावायचे असतात तेव्हा, काकूंचा मुलगा दादाच्या कानाशी काहीतरी बोलला. मग त्यानं स्वतःच्याच जबड्यावर ग्लोव्हनं दोनदा थापटलं आणि दात काढले. रेफरीनं त्याला दटावलं. बघणाऱ्यांना तो माज वाटला; बाबा, जे पहिल्यांदाच बॉक्सिंग बघायला आले होते, अजूनही सांगतात की पोरगं चांगलं पण घमेंड नडली.

पहिल्या फेरीत दादा मागे पडला. दुसऱ्या फेरीत आणखी मागे. काकूंचा मुलगा त्याच्याभोवती अक्षरशः नाचत होता. दादाचा उजवा हात दोनदा निघाला आणि दोनदा हवेत गेला. तिसरी फेरी संपायला थोडाच वेळ उरला असताना तो तिसऱ्यांदा निघाला आणि बसला. तो आवाज मी ओळखला. काकूंचा मुलगा एका गुडघ्यावर गेला. आठ आकडे मोजून होईपर्यंत उठला, "ठीक हूँ, ठीक हूँ" म्हणाला, पण त्याचे ते सुंदर पाय ऐकत नव्हते. रेफरीनं लढत थांबवली. दादा नेहमीसारखाच उभा होता, हात खाली, तोंड पडलेलं. मग तो धावत जाऊन त्याच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि त्याचा जबडा दोन्ही बाजूंनी चाचपू लागला. "अबे हट, डॉक्टर है क्या तू?" तो ओरडला, तेव्हा सगळ्यांना कळलं की जबडा शाबूत आहे.

नोकरी दादाला मिळाली. काकूंच्या मुलाला पुढच्या वर्षी पोलिसांच्या संघानं घेतलं, आणि ते त्याला मिळणारच होतं, त्याला बॉक्सिंग येत होतं. काकू मात्र दिवाळीपर्यंत आमच्याकडे आल्या नाहीत. आई जात राहिली. दारातूनच बोलणं व्हायचं. एकदा घरी येऊन आई दादाला म्हणाली, "मी शब्द दिला होता रे." तो म्हणाला, "हो आत्या, मला माहीत आहे." त्यानं पुढे काही सांगितलं नाही. काकूंच्या मुलानंही सांगितलं नाही. मीही नाही. त्यामुळे घरात ती लढत अजून तशीच सांगितली जाते: घमेंड, आणि मग दादाचा हात.

लढतीच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, ग्लोव्ह चढवायच्या अगोदर, फॉर्मवर दोघांच्या सह्या घ्यायच्या होत्या. दादाची सही मी आधी घेतली. त्याची बोटं गार होती. त्यानं कागद वाचलाही नाही. मग हॉलच्या मागच्या जिन्यापाशी गेले. काकूंचा मुलगा एकटाच पायरीवर बसून बुटांच्या नाड्या आवळत होता. जिन्यात फिनेलचा वास होता आणि आत कुठल्यातरी दुसऱ्या लढतीचा गलका चालू होता.

"काय मास्तरीणबाई, कुठे साइन करू?" पट्ट्या बांधलेल्या बोटांत पेन नीट धरता येत नव्हतं, म्हणून त्यानं ते मुठीत पकडलं. "आज तरी बेस्ट ऑफ लक बोल यार. मला नको, तुझ्या दादालाच बोल. पण बोल काहीतरी. एवढी वर्षं बघतोय, तुला आवाज आहे की नाही तेच माहीत नाही."

त्यानं सही केली. मी फॉर्म वहीत ठेवला आणि वळले. दोन पायऱ्या चढले. मला त्याला हाक मारायची होती, पण त्याला हाक काय मारायची हेच मी कधी ठरवलं नव्हतं. काकूंनी त्याला कळू देऊ नका म्हटलं होतं, दादानंही तेच म्हटलं होतं, आणि आजवर माझ्याकडे आलेली एकही गोष्ट मी पुढे दिली नव्हती. तो नाडीची दुसरी गाठ मारत होता. खाली वाकलेलं त्याचं डोकं तेवढं मला दिसत होतं. त्यामुळे बोलणं थोडं सोपं गेलं.

"तुझ्या आईनं माझ्या आईकडून शब्द घेतलाय," मी म्हणाले, "की दादानं तुला उजव्या हातानं मारायचं नाही. तो शब्द मोडणार नाही. तूच जाऊन त्याला मोकळं कर."